काम आणि कंगाली : योरुबांच्या भाषेची हकीकत



आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याला नायजेरिया नावाचा देश आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा नावाचे लोक राहतात. थोडेथोडके नव्हेत, चार कोटींच्या वर. ह्या लोकांत एक रीत आहे. रस्त्यानं जाताना कोणी शेतात कुदळ मारताना दिसला, मागावर बसलेला दिसला, रंगाच्या रांजणात कोपरापर्यंत हात बुडवून उभी असलेली बाई दिसली, तर जाणारा माणूस तसाच निघून जात नाही. तो म्हणतो, "ए कू इशे." म्हणजे, तुम्ही काम करता आहात, तुमच्या कामाला नमस्कार! 'इशे' म्हणजे काम. आणि तो सुरुवातीचा 'ए' आहे ना, तो आपल्या 'तुम्ही'सारखा. लहानग्याशी बोलताना 'ओ', वडीलधाऱ्याशी बोलताना 'ए'.

आम्ही इतकी वर्षं खात्यात काढली. साच्याजवळ मुकादम आला, जॉबर आला, वरचे साहेब आले. धागा का तुटला, माल कमी का निघाला, हे सगळ्यांनी विचारलं. पण तुमच्या कामाला नमस्कार असं म्हणून कोणी पुढे गेल्याचं आम्हाला काही आठवत नाही. तेव्हा ज्या भाषेत कष्टकऱ्याला नमस्कार करायचा स्वतंत्र शब्द आहे, त्या भाषेचं काय चाललंय हे बघावंसं आम्हाला वाटलं. युनियनच्या वाचनालयात बसून, मिळेल ते वाचून, शिकलेल्या मंडळींना विचारून आम्ही जे गोळा केलं ते इथे मांडतो. आमचं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. पंडिती आम्हाला येत नाही आणि यावी असा आमचा आग्रहही नाही.

पहिली गोष्ट त्या 'इशे'चीच. योरुबा भाषेत सूर मोजावा लागतो. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर. अक्षरं तीच, पण सूर बदलला की अर्थ पार बदलतो. 'ओको' हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हणा, नवरा असा अर्थ होतो. शेवटचं अक्षर वर चढवा, कुदळ होते. तेच खाली उतरवा, गाडी होते. दोन्ही अक्षरं खाली उतरवा, भाला होतो. म्हणजे सूर चुकला तर बाईचा नवरा कुदळ व्हायचा! आता 'इशे' बघा. पहिलं अक्षर मधल्या सुरात आणि दुसरं वर, की झालं काम. पहिलं अक्षर खालच्या सुरात धरलं आणि दुसरं तसंच वर ठेवलं, की झाली कंगाली, अठराविश्वे दारिद्र्य. काम आणि कंगाली ह्यांच्यात फक्त एका सुराचं अंतर. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, आपल्याकडे तेवढंही अंतर नाही. हसलो आम्ही, पण हसून झाल्यावर कोणी काही बोललं नाही.

लिहिताना हे सूर दाखवायला त्या भाषेत अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा देतात, काही अक्षरांखाली टिंबं देतात. छापखान्यात घाई असली, मोबाईलवर लिहायचा कंटाळा आला, की लोक त्या रेघा आणि टिंबं गाळतात. मग वाचणाऱ्यानं अंदाजानं समजायचं, काम म्हटलंय की कंगाली. शाळेतून नीट शिकवलं नाही तर पुढच्या पिढीला तो अंदाजही राहत नाही. घरात बोलली जाणारी भाषा कोणी हिसकावून घेत नाही हे खरं. पण कागदावरची भाषा शाळेशिवाय टिकत नाही.

सुराची भाषा असल्यामुळे तिथला ढोलसुद्धा बोलतो. ही काही कवीकल्पना नव्हे. 'दुंदुन' नावाचा ढोल आहे, डमरूसारखा मधे बारीक, दोन्ही तोंडांना कातडं आणि मधे आवळलेल्या वाद्या. तो काखेत धरायचा आणि वाकड्या काठीनं वाजवायचा. वाद्या दाबल्या की कातडं ताणतं, सूर चढतो. सोडल्या की उतरतो. वाक्याचे सूर ढोलावर जसेच्या तसे निघतात आणि ऐकणाऱ्याला वाक्य समजतं. माणसाचं नाव घेता येतं, त्याच्या घराण्याची स्तुती करता येते, टोमणाही मारता येतो. ज्याला भाषा येत नाही त्याला नुसतं दुंदुन दुंदुन ऐकू यायचं. गोऱ्या साहेबाला नेमकं तेवढंच ऐकू येत असणार.

आता ही भाषा कागदावर कशी आली ते ऐका. अजायी नावाचा एक मुलगा ओसोगुन गावात राहत होता. १८२१ साली, वय बारा-तेराचं असेल, गुलाम पकडणाऱ्यांनी गाव लुटलं, त्याला नि त्याच्या आईला धरून नेलं. हा मुलगा एका हातातून दुसऱ्या हातात विकला गेला, शेवटी पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला जहाजात कोंडलं. १८२२ च्या एप्रिलात इंग्रजांच्या गस्ती जहाजानं ते जहाज अडवलं आणि सुटलेल्या गुलामांना सिएरा लिओनमध्ये उतरवलं. तिथं तो शिकला, ख्रिस्ती झाला, सॅम्युएल अजायी क्राउथर हे नाव घेतलं. १८४३ साली त्यानं योरुबा शब्दांचा संग्रह छापला, पुढे व्याकरण लिहिलं, आणि बायबलचं योरुबात भाषांतर करण्याच्या कामाला आयुष्य दिलं. ते संपूर्ण बायबल १८८४ मध्ये पुरं झालं. १८४६ साली अबेओकुटा शहरात त्याला त्याची आई भेटली. पंचवीस वर्षांनी! कोणत्या भाषेत बोलली असतील ती मायलेकरं? साहेबाच्या भाषेत नक्कीच नव्हे.

ह्यात धर्माचा भाग आहे, मिशनऱ्यांचा हेतू आहे, तो आम्ही लपवत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळात 'आम्ही सगळे योरुबा' असं तिथला माणूस म्हणत नव्हता. तो स्वतःला एग्बा म्हणे, इजेबू म्हणे, एकिती म्हणे, इजेशा म्हणे. ओयोच्या लोकांना उत्तरेकडचे शेजारी योरुबा म्हणत, तेच नाव पुढे सगळ्यांना पडलं. हे सगळे आपसात लढतही होते. किरिजीची लढाई १८७७ मध्ये सुरू झाली ती सोळा वर्षं रेंगाळली. बोली तर एकाच्या दुसऱ्याला नीट कळत नव्हत्या. अशा लोकांना एक लिखित भाषा मिळाली, १८५९ साली अबेओकुट्यात 'इवे इरोहिन' नावाचं योरुबा वर्तमानपत्र निघालं, आणि हळूहळू वेगवेगळ्या गावची माणसं एकच मजकूर वाचायला लागली. कोकणातला, घाटावरचा, वऱ्हाडातला असे आम्ही एका चाळीत राहून एकमेकांच्या बोलीची टिंगल करत मोठे झालो. त्यामुळे हे आम्हाला चटकन उमगलं.

जी जहाजं अजायीसारख्या पोरांना नेत होती, त्यांच्या व्यवहारात आपला देशही नकळत ओढला गेला होता. युरोपचे व्यापारी गुजरातेतलं, मद्रासकडचं सुती कापड नेऊन पश्चिम आफ्रिकेत माणसं विकत घेत. मालदीव बेटांतल्या कवड्या जहाजं भरभरून तिथं जात, कारण तिथलं चलन कवडीचं होतं. आपण 'कवडीमोल' म्हणतो. तिथं माणसाची किंमत खरोखर कवड्यांत मोजली गेली. आमच्यासारख्याच कोणा विणकराच्या हातचं कापड त्या बाजारात गेलं. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल. ज्यांना समुद्रापार नेलं त्यांचे वंशज आज ब्राझीलात, क्युबात आहेत. रोजची भाषा गेली, पण देवाची गाणी नि मंत्र राहिले. ब्राझीलमधल्या बाहियात आणि क्युबात आजही पूजेच्या वेळी योरुबा शब्द म्हटले जातात. म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांचा पुरता अर्थ लागत नाही.

कापडाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण हा आपल्या हातचा विषय. योरुबा प्रदेशात इसेयिन नावाचं गाव विणकामासाठी नावाजलेलं आहे. तिथं पुरुष आडव्या मागावर पट्टी विणतात, रुंदी जेमतेम चार इंच. ताणा विणकराच्या पुढे कित्येक वार लांब जमिनीवर पसरलेला असतो आणि त्याच्या टोकाला वजन बांधलेलं. पट्टी विणली जाते तसतसं ते वजन सरकत सरकत विणकराकडे येतं. धोटा ह्या हातातून त्या हातात. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून अंगावरचं भारी वस्त्र होतं, त्याला 'आशो ओके' म्हणतात. लग्नाकार्यात ते हवंच. आणि बायकांचं काम रंगाईचं. पांढऱ्या कापडावर कसाव्याच्या खळीनं पिसानं नक्षी काढायची, किंवा कापड दोऱ्यानं बांधायचं, मग निळीच्या रांजणात बुडवायचं. जिथे खळ किंवा गाठ, तिथे पांढरं राहतं. ह्याला म्हणतात 'आदिरे'. शब्दाचा अर्थच बांधून रंगवलेलं. गंमत अशी की विसाव्या शतकात हे आदिरे बहुधा मँचेस्टरहून आलेल्या पांढऱ्या कापडावर होत असे. ज्या मँचेस्टरनं आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, त्याचाच माल तिथंही ढिगानं पडत होता.

ह्या रंगारणींचं नि बाजारात बसणाऱ्या बायकांचं शहर म्हणजे अबेओकुटा. तिथं इंग्रज सरकार राजाला, म्हणजे अलाकेला, पुढे करून राज्य चालवी आणि बायकांवर वेगळा कर बसवी. कर चुकवला म्हणून बायकांची धरपकड होई. फुनमिलायो रॅन्सम-कुटी ह्या शिकलेल्या, शाळा चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांचं मंडळ आधी शिकलेल्या बायकांचं होतं. बाजारातल्या एका निरक्षर बाईला वाचायला शिकायचं होतं, तेव्हापासून त्यांचे साक्षरतेचे वर्ग सुरू झाले आणि मग बाजारच्या बायका मंडळात शिरल्या. १९४६ मध्ये त्या मंडळाचं नाव अबेओकुटा महिला संघ असं झालं. १९४७ च्या अखेरीस हजारो बायकांनी राजवाड्याला वेढा घातला, रात्र रात्र बसल्या, राजाला नि साहेबाला योरुबात शिव्यांची गाणी रचून म्हटली. रॅन्सम-कुटीबाई विलायतेत शिकून आलेल्या, इंग्रजी फाडफाड बोलत, पण लढ्यात त्या योरुबा लुगडं नेसून योरुबात बोलत. साहेबाला समजायचं असेल तर त्यानं दुभाष्या आणावा! १९४९ च्या जानेवारीत अलाके गादी सोडून गेला. बायकांवरचा तो कर थांबला. आमच्या मते ह्या हकिकतीत लुगड्यापेक्षा भाषेला जास्त महत्त्व आहे. पुढारी साहेबाच्या भाषेत बोलला असता तर सभा साहेबाची झाली असती. बायका मागे बसून 'काय म्हणते गं ती?' असं एकमेकींना विचारत राहिल्या असत्या.

आपल्याकडे शाहीर डफ घेऊन संपात उभे राहतात, तसा त्यांचा ह्युबर्ट ओगुंडे. आधी पोलिसात नोकरीला होता, ती सोडून त्यानं नाटक मंडळी काढली. १९४५ साली नायजेरियात मोठा संप झाला. लढाईमुळे महागाई वाढलेली, आणि मागणी कशाची? महागाई भत्त्याची! रेल्वेचे, तार-टपालाचे, सरकारी कारखान्यांतले तीस हजारांहून जास्त कामगार महिन्याच्या वर बाहेर राहिले. त्यांचे पुढारी मायकेल इमुडू. ते रेल्वेतले कामगार, आणि ते योरुबा नव्हते, हे मुद्दाम सांगतो. ह्या संपावर ओगुंडेनं 'संप आणि भूक' अशा नावाचं नाटक केलं. उत्तरेतल्या जोस शहरात ते बंद पाडण्यात आलं. १९४९ च्या १८ नोव्हेंबरला एनुगूच्या कोळसा खाणीत पोलिसांनी गोळीबार केला, एकवीस खाणकामगार मेले. तेही योरुबा नव्हते, बहुतेक इग्बो होते. ओगुंडेनं लगेच १९५० मध्ये 'भाकर आणि गोळी' हे नाटक काढलं. आपली भाषा धरली म्हणजे दुसऱ्या भाषेच्या कामगाराशी वैर धरलं असं जे सांगतात, त्यांनी ओगुंडेचं काय करायचं ते सांगावं.

पण आणखी एक नाटक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. १९६० च्या १ ऑक्टोबरला नायजेरिया स्वतंत्र झाला. पश्चिम विभाग हा योरुबांच्या बहुमताचा विभाग, तिथं आता आपल्याच माणसांचं सरकार. १९६४ साली ओगुंडेनं 'योरुबा रोनू' हे नाटक केलं. नावाचा अर्थ, योरुबांनो, विचार करा. त्यात पुढाऱ्यांच्या आपसातल्या फाटाफुटीवर आणि मुख्यमंत्री अकिंतोला यांच्या कारभारावर टीका होती. सरकारनं काय केलं? ओगुंडेच्या मंडळीला सबंध पश्चिम विभागात बंदी घातली! ती बंदी १९६६ मध्ये लष्करी राजवट आल्यावर उठली. बंधूंनो, इंग्रजानं जोसला बंदी घातली ती समजू शकतो. ही बंदी आपल्याच भाषेत लिहिलेल्या नाटकावर आपल्याच भाषेत बोलणाऱ्या मंत्र्यांनी घातली. भाषेचं राज्य आलं की कष्टकऱ्याचं राज्य आपोआप येत नाही. ते वेगळं मागावं लागतं.

त्याच पश्चिम विभागाची दुसरी बाजूही आहे. १९५५ च्या जानेवारीत ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारनं प्राथमिक शिक्षण सगळ्यांना मोफत केलं. एका वर्षात शाळेतली पोरं साडेचार लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. शेतकऱ्याची, रंगारणीची, हमालाची पोरं पहिल्यांदा पाटी घेऊन बसली. हेच अवोलोवो भाषेच्या पायावर देशाचे घटक आखावेत असं जाहीरपणे मांडत होते. १९६६ च्या त्यांच्या घटनेवरच्या पुस्तकात हा विचार स्पष्ट आहे. आता सीमेची गोष्ट बघा. इलोरिन आणि कब्बा ह्या भागांतले पुष्कळ लोक योरुबा बोलणारे, पण इंग्रजांनी ते उत्तर विभागात घातले. त्यांना पश्चिमेत आणा ही मागणी झाली, आयोग बसला, १९५८ मध्ये आयोगानं नकार दिला. बेळगाव-कारवारची आठवण झालेला वाचक आमच्यासारखाच दात-ओठ खाईल. पण त्याच पश्चिम विभागात एदो, उर्होबो वगैरे योरुबा नसलेले लोकही होते आणि त्यांना योरुबांच्या सत्तेखाली राहायचं नव्हतं. १९६३ मध्ये त्यांचं मत घेऊन त्यांचा मध्य-पश्चिम विभाग वेगळा केला. हे बरोबरच झालं. जो हक्क इलोरिनला मागायचा तो एदोला नाकारायचा, असला दुटप्पीपणा कामगारानं करू नये. पुढे विभाग मोडून राज्यं झाली. आज योरुबा लोक सहा राज्यांत मुख्यत्वानं आहेत, शिवाय क्वारा आणि कोगीत. सरहद्दीपलीकडे बेनिन देशातही आहेत, तिथं फ्रेंचांनी राज्य केलं म्हणून तिथल्या योरुबा पोराला शाळेत फ्रेंच.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली ते सांगतो.

शाळा मोफत झाल्या, पण शिकायचं कशात? पहिली तीन वर्षं योरुबात आणि चौथीपासून एकदम सगळं इंग्रजीत, असा प्रकार होता. पोरांची गळती व्हायची, आणि जी राहत ती घोकत. १९७० साली इले-इफे इथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी, बाब्स फाफुन्वा हे त्यांचे मुख्य, एक प्रयोग सुरू केला. एका साध्या प्राथमिक शाळेत मुलांचे वर्ग केले. काही वर्गांना सहाच्या सहा वर्षं गणित, शास्त्र, समाजाची माहिती, सगळं योरुबात. इंग्रजी सोडली नाही. इंग्रजी हा एक विषय, पण तो शिकवायला खास तयार केलेला शिक्षक. बाकीच्या वर्गांना जुनी पद्धत, तीन वर्षांनी इंग्रजी. पुस्तकं नव्हती ती लिहिली, शब्द नव्हते ते घडवले.

शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली असणार. योरुबात कुठं गणित होतं का! अहो, योरुबांची मोजणी ऐका. त्यांचा हिशेब विसाच्या पटीत चालतो आणि वजाबाकीनं चालतो. पंधरा म्हणजे विसाला पाच कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, अगदी आपल्या 'एकोणीस'सारखं. पंचेचाळीस म्हणजे पन्नासाला पाच कमी, आणि पन्नास म्हणजे साठाला दहा कमी, म्हणजे तीन विशांतून दहा गेले आणि त्यातून पाच गेले. बाजारात कवड्यांचे ढीग मोजता मोजता ही रीत पडली असं काही जाणकार सांगतात. ज्या पोराच्या आजीला हे बोटांवर येत होतं, त्याला गणित येत नाही म्हणून शिक्का मारायचा, कारण प्रश्न इंग्रजीत विचारला होता!

प्रयोगाचा निकाल असा लागला. योरुबात शिकलेली पोरं गणितात पुढे, शास्त्रात पुढे. आणि इंग्रजीत? इंग्रजीतसुद्धा मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. ज्याला डोक्यात गोष्ट नीट समजली, त्याला ती दुसऱ्या भाषेत सांगायला शिकवता येते. ज्याला समजलीच नाही तो दोन्ही भाषांत मुका. पक्का ताणा असला तर बाणा कुठल्याही रंगाचा घाला, कापड निघतं. ताणाच कच्चा असेल तर फणी किती ठोकली तरी तुटत जाणार. हे आम्हाला कोणी विद्यापीठातल्या माणसानं समजावायची गरज नाही.

मग हे सगळ्या देशात का झालं नाही? फाफुन्वा तर १९९० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. धोरणाच्या कागदावर मातृभाषा होतीच, पुष्कळ वर्षं होती. पण ज्यांच्या हातात सत्ता नि पैसा, त्यांची पोरं इंग्रजी शाळांत गेली. ते पाहून गरिबानंही पोटाला चिमटा घेऊन आपलं पोर तिकडेच घातलं. सरकारी शाळेला ना पुस्तकं, ना शिक्षक, ना पैसा. २०२२ मध्ये सरकारनं पुन्हा ठरवलं, प्राथमिकची सहा वर्षं मातृभाषेत. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ते धोरण रद्द केलं. आता सगळीकडे इंग्रजी. कारण काय दिलं? मातृभाषेमुळे पोरं परीक्षांत नापास होतात! म्हणजे साचा तेल न घालता चालवायचा, सूत कच्चं द्यायचं, आणि माल खराब निघाला की कामगाराला दंड. इफेच्या त्या वर्गांतली पोरं ह्या मंत्र्यांना कोणी दाखवली नाहीत का?

आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवतो तर आमचंही सांगितलं पाहिजे. आमच्यातल्या एकानं पोराला इंग्रजी शाळेत घातलं. फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं. पोर तिसरीत. एका रविवारी पोरगं पाऊस कसा पडतो ह्याचा इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवत होतं. आम्ही सगळे कौतुकानं ऐकत होतो. धडा संपला तेव्हा म्हाताऱ्या आजीनं विचारलं, "बाळा, मग समुद्राचं पाणी खारट नि पावसाचं गोडं कसं रे?" पोरगं आधी आजीकडे बघत राहिलं, मग बापाकडे. धड्यात उत्तर होतं, पण ते त्याला समजलेलं नव्हतं. आजी उठून आत गेली. बापानं पोराला मारलं नाही, रागावलाही नाही. कर्जाचे अजून चौदा हप्ते बाकी होते.

दुसरी शाळा काढावी म्हणावं तर आमच्याकडे मराठी शाळेच्या वर्गाचं छप्पर गळतं, एक मास्तर दोन वर्ग बघतो. इंग्रजीला एक चांगला शिक्षक आणि बाकी सगळं मराठीत, असं इफेसारखं कोणी करून दाखवलं तर आमच्यातला एक तरी पोर तिकडे नेईल का? नेईल, असं आम्ही हात वर करून सांगतो. कर्ज काढून अज्ञान विकत घ्यायची हौस आम्हाला नाही. पण गळक्या छपराखाली पोराला बसवून भाषेचा अभिमान मिरवायचीही हौस नाही. भाषेवर भाषणं करणारे जे कोणी व्यासपीठावर चढतील, त्यांना आम्ही खालून पहिला प्रश्न हाच विचारणार आहोत, की तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत.

योरुबांचा मोठा लेखक फागुन्वा हा शाळामास्तर होता. १९३८ साली त्यानं योरुबात एक कादंबरी छापली, जंगलात शिरलेल्या शूर शिकाऱ्याची. ती पोरं शाळेत वाचत आली. १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले वोले सोयिंका योरुबा, पण लिहितात इंग्रजीत, आणि फागुन्वाची ती कादंबरी त्यांनीच १९६८ मध्ये इंग्रजीत नेली. सोयिंकांना आम्ही नावं ठेवत नाही. त्यांनी जगाला आपलं घर दाखवलं. पण इसेयिनच्या विणकराच्या पोराला फागुन्वा मूळ भाषेत, डोक्यावरच्या रेघा नि खालची टिंबं धरून वाचता येईल की नाही, हे नोबेल देणारे ठरवत नाहीत. ते ठरतं त्याच्या गावच्या शाळेत, पहिली ते सहावीच्या फळ्यावर. आणि त्या फळ्यावर काय लिहायचं ह्याचा हुकूम आता राजधानीतून निघाला आहे.